एका दिवसात सफारी पार्क आणि प्राणिसंग्रहालय दोन्ही बघायचं असेल तर दिवस कसा आखावा?

तुम्ही लिहिलंय की मागच्या खेपेला सिंह झोपलेला, अस्वल पाठ करून बसलेलं, बिबट्या तर दिसलाच नाही, आणि मुलांनी शेवटी बदकांवर समाधान मानलं. आता प्रवासात एकच दिवस मोकळा आहे आणि पैसे वसूल व्हायला हवेत.

माझं सरळ उत्तर: सकाळ सफारीला द्या, दुपारपासून प्राणिसंग्रहालय करा, आणि नकाशावरचे निम्म्याहून जास्त पिंजरे न बघता सोडून द्यायची तयारी ठेवा. शेवटची अट कुणालाच पटत नाही, पण सगळा दिवस तिच्यावरच उभा आहे.

सिंह दिवसातले १६ ते २० तास लोळत काढतो, जंगलातही. त्यात प्राणिसंग्रहालयाचा काही दोष नाही. बहुतेक मोठे सस्तन प्राणी पहाटे-सकाळी आणि संध्याकाळी हिंडतात. आपण मात्र सगळं आवरून अकरा वाजता फाटकातून आत शिरतो, म्हणजे नेमके ते आडवे झाल्यावर. उघड्या मैदानात तर ऊन चढलं की हरणंसुद्धा झाडाखाली जाऊन बसतात. म्हणून सफारीची पहिली फेरी मिळत असेल तर तीच घ्या.

सफारीत गाडी हाच आपला आडोसा. पळून न जाता प्राणी आपल्याला किती जवळ येऊ देतो, त्या ‘पलायन-अंतरा’चा अभ्यास हायनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने केला. बर्न, बाझेल आणि झुरिच अशा तिन्ही प्राणिसंग्रहालयांचे ते संचालक होते. प्राण्याला ज्याची सवय होते, त्याच्यापासूनचं हे अंतर घटत जातं. रोज दिसणाऱ्या गाडीला तो हिंग लावून विचारत नाही, पण त्याच गाडीच्या खिडकीतून कुणी कमरेपर्यंत बाहेर आलं की मान वर होते. फोटोच्या नादात लोक स्वतःच प्राणी पळवून लावतात आणि मग ‘काही दिसलं नाही’ म्हणतात. गाडी थांबली की इंजिन बंद करायला सांगा, बोलणं थांबवा आणि बसून राहा. वाघ-सिंहांच्या भागात काच वर, हे वेगळं सांगायला नको.

दुपारी प्राणिसंग्रहालयात आलात की आधी सरपटणाऱ्यांकडे जा. मगर ऊन खात जबडा वासून पडलेली असते. तो आव नसतो, शरीराचं तापमान सांभाळायची ती पद्धत आहे. त्यानंतर निशाचरांचं दालन असेल तर तिथे. या दालनांत दिवस-रात्र उलटे केलेले असतात: रात्री लख्ख दिवे, दिवसा मंद उजेड. म्हणून भर दुपारी तुम्हाला जागी वटवाघळं आणि लोरिस (मोठ्या डोळ्यांचा, झाडावर राहणारा छोटा निशाचर प्राणी) बघायला मिळतात. आत शिरल्या शिरल्या काहीच दिसत नाही आणि बरेच लोक तिथूनच मागे फिरतात. डोळे सरावायला दहा मिनिटं द्या, मोबाइल खिशात ठेवा. मुलं कुरकुरतील, पण एकदा पहिली हालचाल दिसली की बाहेर यायचं नाव घेत नाहीत.

तुमचा न दिसलेला बिबट्या बहुतेक त्याच्या पिंजऱ्यातच होता. १९०७ मध्ये कार्ल हागेनबेकने हॅम्बुर्गजवळ श्टेलिंगनला गजांऐवजी खंदक असलेलं प्राणिसंग्रहालय उघडलं आणि पुढे जगभर ती पद्धत रुजली. प्राण्यांच्या दृष्टीने ते बरंच झालं, पण लपायला जागा वाढल्या आणि आपली नजर मात्र अजून पिंजऱ्याच्या मधोमधच जाते. शोधायचा क्रम मी असा ठेवतो: आधी सावली, मग उंचावरच्या फळ्या आणि फांद्या, मग रात्रीच्या खोलीचं दार, कारण जेवण तिकडून येतं. बिबट्यासाठी वर बघा आणि अख्खा प्राणी शोधू नका, लोंबणारं शेपूट शोधा. साधी दुर्बीण असेल तर न्या, ती झूमध्येसुद्धा कामाला येते.

आता थांबून बघण्याबद्दल. जिराफ नुसता उभा आहे असं वाटून लोक पुढे जातात. तो रवंथ करत असेल तर मानेकडे बघा. खालून एक गोळा सरसरत वर चढताना कातडीखाली स्पष्ट दिसतो. मग बराच वेळ चावणं, मग गिळणं, तोच गोळा मानेतून खाली, क्षणभर काहीच नाही, आणि पुन्हा नवा गोळा वर. हे मुलांना एकदा दाखवलं की ती स्वतःच पुढच्या गोळ्याची वाट बघत बसतात. हत्तीचंही तसंच. आफ्रिकी हत्तीच्या सोंडेच्या टोकाला दोन बोटं असतात, आशियाईला एक. दोन बोटांचा हत्ती वस्तू चिमटीत धरतो, एक बोटवाला बहुधा सोंडेने वेटाळून उचलतो. दोन्ही जाती असतील तर एकीकडून दुसरीकडे जाऊन ताडून बघा. आणि फ्लेमिंगोचा उलटा वाकणारा ‘गुडघा’ म्हणजे खरं तर घोटा. गुडघा वर पिसांत दडलेला असतो. (ही माहिती मी सोबतच्या प्रत्येकाला देतो, विचारो न विचारो.)

माकडं आणि वानरांपुढे मात्र जरा जपून. दात दाखवून हसणं आणि टक लावून बघणं या दोन्हींचा अर्थ त्यांच्यात वेगळा. २००७ मध्ये रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयातला बोकितो नावाचा गोरिला खंदक ओलांडून बाहेर आला आणि एका नेहमी येणाऱ्या बाईला त्याने गंभीर जखमी केलं. ती त्याच्याकडे बघून हसायची, डोळ्यांत डोळे घालायची, आणि तो आपल्यावर खूश आहे असं तिला वाटायचं. त्यानंतर तिथे कागदी चष्मे वाटले गेले, ज्यांवर बाजूला बघणारे डोळे छापले होते. तुम्हाला चष्मा नको, पण नजर थोडी तिरकी ठेवा. काचेवर टकटक करणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या वडिलांनाही आवरा.

एकाच वाटेने येरझाऱ्या घालणारं अस्वल किंवा वाघ दिसला तर मुलं विचारतीलच. जेवणाची वेळ जवळ आली की काही प्राणी अस्वस्थ होऊन फिरतात, ते वेगळं. पण दर वेळी तेच वळण, पाऊल त्याच जागी, मान तशीच फिरवणं असेल तर ते कोंडलेपणाचं लक्षण असू शकतं. २००३ मध्ये ऑक्सफर्डच्या क्लब आणि मेसन या संशोधकांनी दाखवलं की जंगलात ज्या शिकारी प्राण्यांचा वावर फार मोठ्या प्रदेशात असतो, उदाहरणार्थ ध्रुवीय अस्वल, त्यांच्यात बंदिवासात अशा येरझाऱ्या जास्त आढळतात. मुलांपासून हे लपवू नये असं माझं मत. त्याच दिवशी अरबी ओरिक्स (लांब शिंगांचं, पांढरट वाळवंटी हरीण) दिसला तर त्याचीही गोष्ट सांगा: जंगलातला शेवटचा १९७२ मध्ये मारला गेला, आणि १९८२ मध्ये बंदिवासात वाढवलेले ओरिक्स ओमानच्या वाळवंटात पुन्हा सोडले गेले. दोन्ही खरं आहे. बछड्याला मांडीवर घेऊन फोटो काढून देणारी जागा असेल तर मात्र तिकीट काढू नका.

शेवटचा तास राखून ठेवा. गर्दी ओसरते, ऊन उतरतं, मोठी मांजरं उठून बसतात आणि कीपर त्यांना आत घ्यायच्या तयारीला लागतात. वाघ तुमच्याकडे पाठ करून शेपूट वर उचलताना दिसला तर जाळीपासून लगेच मागे सरा, त्याचा लघवीचा फवारा चांगला काही फूट मागे येतो. कीपर मोकळा दिसला तर ‘हा काय खातो’ विचारू नका, ते पाटीवर लिहिलेलं असतं. ‘यांच्यात भांडकुदळ कोण?’ विचारा, मग तो स्वतःहून बोलत राहतो. आणि परतीची गाडी बंद व्हायच्या वेळेच्या बरीच नंतरची ठरवा, नाहीतर नेमका हाच तास हातचा जातो.