डूख धरला की उंदराचा वास आला?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाकडे कार्पेट पायथन, म्हणजे परदेशी जातीचा अजगर आहे, पिल्लू आणलं होतं, आता साडेतीन-चार फुटांचा झालाय. महिन्याभरात दोनदा चावला. एकदा रात्री, खायला द्यायच्या दिवशी, टबाचं झाकण उघडून हात टाकल्याबरोबर. दुसऱ्यांदा दुपारी वरून धरायला गेला तेव्हा, त्यावेळी सापाचे डोळे निळसर-पांढरे दिसत होते. बाहेर काढला की मात्र मनगटाला गुंडाळून शांत बसतो. आई म्हणते, "दोन्ही खेपेला याच पोराले चावला, डूख धरला त्यानं, काहून आणलं हे घरात बाप्पा!" ही जातच रागीट असते असं सगळे सांगून राहिले. देऊन टाकायचा का?
— एक ताई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, आधी आईंना सांगा, डूख-बिख काही नसतं, टबात हात घालणारा घरात एकटा तोच आहे तर चावणार कोणाला?

तुम्ही दोन वेळा म्हणता पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला चावा भुकेचा. या सापाच्या ओठांवर बारीक खाचा असतात, त्यातून त्याला अंधारातही गरम वस्तू कळते, त्यात खोलीत उंदराचा वास आणि झाकण उघडलं की जेवण येतं ही सवय, मग गरम हात म्हणजे उंदीरच की. बाहेर आल्यावर गरीब गाय होतो ना, तीच खूण. यावर उपाय म्हणजे हात साबणाने धुवायचे आणि हात घालण्याआधी साप उचलायच्या हुकने, नाहीतर कागदाच्या गुंडाळीने, अंगाच्या मध्यावर हळूच स्पर्श करायचा. रोज असंच केलं की आत्ता जेवण नाही हे त्याला कळायला लागतं. मी स्वतः एकदा उंदीर दिल्यावर हात न धुता पाणी बदलायला गेलो, अंगठा धरून बसला पठ्ठ्या! ओढायचं नाही, दात आत वळलेले असतात, जखम फाटते. तोंडावर गार पाणी सोडलं की सोडतो. विष नसतं, पण जखम धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन राहिलं असेल तर घ्या.

दुसरा चावा भीतीचा. डोळे दुधाळ म्हणजे कात टाकायची वेळ, नीट दिसत नाही, वरून हात आला की त्याला घारच वाटते. तेव्हा हातच लावू नका. एरवीही बाजूने जा, दोन हातांनी खालून आधार द्या, मानेला धरू नका. मान मागे घेऊन वळण केलं, फुस्स केलं, की त्या दिवशी राहू द्या. खाल्ल्यावर दोन दिवस नाही म्हणजे नाही.

रागीट जातीचं म्हणाल तर कार्पेटची पिल्लं चावरी असतातच, लहान असताना त्यांना खायला सगळेच टपलेले, पण वयाबरोबर बरीचशी निवळतात. ब्लड पायथन या दुसऱ्या परदेशी अजगराचं नाव तर सुमात्राच्या जंगलातून पकडून आणलेल्या मोठ्या सापांमुळे खराब झालं, पैदाशीतली पिल्लं बहुतेक शांत निघतात.

आणि नागपूरचा मे महिना विसरू नका. त्याला गरम बाजू ३१-३२ अंश, गार बाजू २५-२७ लागते आणि इथे बाहेर पारा ४५ ला टेकतो, तेव्हा हीट मॅट बंद करा, टब घरातल्या सगळ्यात गार खोलीत न्या. तापलेला साप सैरभैर होतो आणि आपण म्हणतो चिडका आहे. जीवही जातो अशाने.

देऊ नका. फक्त परदेशी प्राण्यांची नोंद होते त्या केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी आहे का ते भावाला आजच विचारा.

प्रश्न : आमच्या विहिरीजवळ दिवड येतो. पाळला तर माणसाळेल का?
— एक वाचक, हिंगणा

उत्तर : नाही हो भाऊ. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडचे साप, दिवड, धामण, मांडूळ, काहीच घरात ठेवता येत नाही. शिवाय दिवड भलता चावरा, बिनविषारी असून मान अशी चपटी करतो की लोक नाग समजून काठी काढतात. विहिरीत बेडूक आहेत तोवर येणारच तो. घरात शिरला तर वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा.