फोसा हा मांजरकुळातला प्राणी आहे का? तो झाडावरून डोकं खाली करून कसा उतरतो?

नाही, मादागास्करचा फोसा मांजर नाही, त्याचं जवळचं नातं मुंगसांशी आहे. आणि उलटं उतरणं त्याला जमतं ते मागच्या पायांच्या घोट्यांमुळे. हे घोटे इतके वळतात की मागचे पंजे उलटे फिरवून तो खोडात नख्या रुतवतो आणि सगळा भार त्यांच्यावर तोलत खाली येतो. आपल्याकडची खार आंब्यावरून उतरताना तिचे मागचे पाय नीट बघा, अगदी तीच तऱ्हा. शिवाय शेपूट जवळजवळ धडाइतकी लांब, साधारण 70 सेंटिमीटर. फांद्यांवर लेमूर या माकडासारख्या प्राण्याचा पाठलाग करताना तोल तीच सांभाळते. वजन जेमतेम 6 ते 8 किलो, तरी बेटावरचा हा सर्वांत मोठा मांसाहारी सस्तन प्राणी. मांजराचा भास होतो तो आखूड तोंडामुळे आणि अर्धवट आत जाणाऱ्या नख्यांमुळे. पण मांजर बोटांवर चालतं, फोसा अस्वलासारखा तळवा टेकवतो. जनुकीय अभ्यासानुसार मादागास्करचे सगळे मूळ मांसाहारी सस्तन प्राणी आफ्रिकेतून आलेल्या एकाच मुंगूससदृश पूर्वजाचे वंशज आहेत. मात्र म्हणून त्याला मुंगूस म्हणू नका. त्याचं कूळ वेगळं, यूप्लेरिडी.