‘उ’ अक्षरावरून नाश्त्याचे पदार्थ: उपम्याशिवाय आणखी काय?

तुम्ही विचारलंय की ‘उ’वरून सुरू होणारे नाश्त्याचे पदार्थ कोणते, उपम्याच्या पुढे गाडी जात नाही, आणि जमलं तर कृतीही सांगा. ‘उ’ नाश्त्याच्या बाबतीत चांगलाच संपन्न आहे: उकड, उकडपेंडी, उप्पीट, उत्तप्पा, उसळ, उंडी. उकडलेली अंडी आणि उपासाची खिचडी मी यात धरत नाही. तिथला ‘उ’ विशेषणाचा आहे, पदार्थाचं नाव पुढेच आहे.

पहिला मान तांदळाच्या उकडीचा. वीस मिनिटांत होते, पोटाला हलकी असते, आणि तरीही आजकाल फार कमी घरांत होते याचं मला खरंच वाईट वाटतं. दोघा-तिघांसाठी १ वाटी तांदळाचं पीठ, १ वाटी आंबट ताक आणि २ वाट्या पाणी घ्या. पीठ आधी ताकात कालवा, गुठळ्या मोडल्या की पाणी घालून सारखं करा आणि पाऊण चमचा मीठ, चिमूटभर साखर टाका. जाड बुडाच्या कढईत २ मोठे चमचे तेल तापवून मोहरी, हिंग, चिमूटभर हळद, कढीपत्ता, २-३ हिरव्या मिरच्या आणि ठेचलेल्या ५-६ लसूण पाकळ्या घाला. लसूण कडेने तांबूस झाला की कालवलेलं पीठ ओता आणि हात न थांबवता ढवळत राहा.

तीन-चार मिनिटांत ते एकदम आळतं. इथेच बरेच जण गॅस बंद करतात आणि मग उकड पिठूळ लागते. आळणं म्हणजे शिजणं नव्हे. झाकण ठेवून अगदी मंद आचेवर ७-८ मिनिटं वाफ काढा, मध्ये दोनदा तळापासून हलवा. कच्ची उकड पांढुरकी आणि मंद दिसते. शिजली की तिच्यावर ओलसर चकाकी येते, ती कढईच्या कडा सोडते आणि पाण्यात बुडवलेल्या बोटाला चिकटत नाही. जुन्या तांदळाचं पीठ जास्त पाणी पितं, म्हणून अर्धी वाटी गरम पाणी हाताशी ठेवा. ताटलीत वाढल्यावर मध्ये खळगा करून त्यात कच्चं तेल घालायचं. तूप चालतं, पण लसणाच्या उकडीला गोडंतेलच शोभतं.

कोरडं पीठ उकळत्या फोडणीच्या पाण्यात टाकलं तर गुठळ्या होणारच. गुठळीचा बाहेरचा थर गरम पाण्यात लगेच शिजून चिकट होतो आणि आतलं पीठ कोरडंच अडकतं. मग कितीही घोटा, ती फुटत नाही. म्हणून पीठ नेहमी गार द्रवात कालवायचं. ताक फुटायची भीतीही त्यामुळेच राहत नाही, पीठ त्याला धरून ठेवतं. ताक मात्र आंबट हवं. गोड ताकाची उकड म्हणजे नुसती खळ.

उकडपेंडी विदर्भातली, आणि नावात उकड असली तरी वागायला अगदी उलट. उकड मऊ हवी, उकडपेंडी मोकळी. १ वाटी जाडसर दळलेली कणीक लागते. पोळ्यांची बारीक कणीक वापरली की चिकटते. ३ मोठे चमचे तेलात मोहरी, हिंग, मिरची, कढीपत्ता आणि एक मोठा बारीक चिरलेला कांदा परता. कांदा पारदर्शक झाला की हळद आणि कणीक घालून मंद आचेवर १०-१२ मिनिटं भाजा. रंग बदामी आणि वास खमंग यायला हवा. मग पाव वाटी आंबट दही, मीठ, थोडी साखर, आणि त्यानंतर साधारण १ वाटी गरम पाणी, पण एकदम ओतायचं नाही. हबके मारत तीन-चार वेळा घाला, दर वेळी उलथन्याने खालीवर करा, शेवटी झाकून ५ मिनिटं वाफ.

सगळी मदार भाजण्यावर आहे. गव्हाच्या कच्च्या पिठात पाणी पडलं की ते चिवट होतं, म्हणून तर पोळी लाटता येते. नीट भाजलेल्या पिठातला हा चिवटपणा मोडतो आणि पाणी पडल्यावर त्याचे छोटे मऊ गोळे सुटे राहतात. तुमच्या कढईत एकच मोठा गोळा तयार झाला, तर भाजणं कमी पडलं किंवा पाणी एकदम पडलं, असं समजा. दह्याऐवजी चिंचेचा कोळही घालतात, मला तो जास्त आवडतो.

उप्पीट म्हणजेच उपमा. कानडीत उप्पु म्हणजे मीठ आणि हिट्टु म्हणजे पीठ, त्याचं उप्पिट्टु आणि आपलं उप्पीट. जाड रवा १ वाटी, उकळतं पाणी अडीच वाट्या, मऊ हवं असेल तर तीन. रवा मंद आचेवर ७-८ मिनिटं भाजा, पण लाल करू नका. फोडणीत चमचाभर उडदाची डाळ घातली तर ती तांबूस झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुकानातून ‘इडली रवा’ चुकून आणू नका, तो तांदळाचा असतो.

उत्तप्पा डोशाच्याच पिठाचा (३ वाट्या तांदूळ, १ वाटी उडीद डाळ), फक्त पीठ दुसऱ्या दिवशीचं, जरा आंबलेलं आणि घट्ट. तवा मध्यम तापलेला हवा. फार तापला तर खाली करपतो आणि आत कच्चा राहतो. कांदा-टोमॅटो पीठ ओलं असतानाच वरून हाताने दाबा, नाहीतर उलटताना सगळं तव्यावर सांडतं.

उसळ म्हटलं की मटकीची, पावाबरोबर. मिसळीचा पायाही तीच. मटकी ८ ते १० तास भिजवून फडक्यात बांधली की उन्हाळ्यात रात्रभरात मोड येतात, थंडीत पूर्ण दिवस लागतो. आमसूल किंवा चिंच मटकी शिजल्यावरच घाला, आंबटामुळे कडधान्य लवकर मऊ होत नाही.

उंडी कारवार-मंगळूर पट्ट्यातल्या कोकणी घरांत होते, तुळूत तिला पुंडी म्हणतात. इथे मात्र तो इडली रवा कामाला येतो. मोहरी आणि उडीद डाळीच्या फोडणीत १ वाटी रव्याला २ वाट्या पाणी, अर्धी वाटी ओलं खोबरं आणि मीठ. आवडत असेल तर लिंबाएवढा गूळ. घट्ट गोळा झाला की कोमट असतानाच ओल्या हाताने लिंबाएवढे गोळे वळा, प्रत्येकाच्या मध्ये अंगठ्याने खळगा पाडा आणि १५ मिनिटं वाफवा. खळगा विसरू नका, त्याने मधला भाग पातळ होतो आणि वाफ आतपर्यंत पोचते.