वाचक विचारतात: पॉनी रॉकवर नाव कोरणारी ती नवी नवरी

(मागच्या अंकात सांता फेच्या बैलगाडी-वाटेबद्दल, म्हणजे अमेरिकेतल्या मिझुरीहून सांता फेला जाणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेबद्दल, चार ओळी छापल्या होत्या, त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली तीन घेतेय.)

प्रश्न: ताई, मी लेकीकडे कॅन्ससला गेले होते तेव्हा जावयांनी पॉनी रॉक नावाचा एक खडक दाखवला. म्हणाले, जुन्या काळी बैलगाड्यांतून जाणारे लोक यावर नावं कोरायचे, त्यात एक अठरा वर्षांची नवीन लग्न झालेली मुलगी पण होती आणि पुढे वाटेतच इंडियनांच्या (म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या) हल्ल्यात गेली बिचारी. मी चष्मा लावून तासभर नाव शोधलं, नाही सापडलं. ही गोष्ट खरी आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: काकू, जावयांची अर्धी गोष्ट खरी आहे. मुलगी खरी, नाव कोरलं तेही खरं, पण हल्ल्यात गेली हे साफ चूक.

तिचं नाव सुझन शेल्बी मॅगॉफिन. जन्म 30 जुलै 1827, केंटकीतलं बडं घराणं, आजोबा आयझॅक शेल्बी म्हणजे केंटकीचे पहिले गव्हर्नर. नोव्हेंबर 1845 मध्ये लग्न झालं सॅम्युअल मॅगॉफिनशी, जो सांता फेच्या वाटेवरचा मुरलेला व्यापारी आणि वयाने तिच्या दुपटीपेक्षा मोठा. (आपल्याकडे तेव्हा बिजवर म्हणून असे नवरे सर्रास असायचे त्यामुळे आपण नाक मुरडायचं कारण नाही.) पण एक आहे, त्या दोघांचं जमलं होतं छान. ती डायरी लिहायची आणि त्यात नवऱ्याला नावाने नाही तर 'मि आल्मा' म्हणायची, स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ माझा जीव. आपल्या आज्या 'इकडून' म्हणायच्या तसंच, फक्त जरा जास्त धीट.

जून 1846 मध्ये मिझुरीतल्या इंडिपेंडन्सहून हे निघाले. सांता फे साधारण 900 मैल, आणि तेव्हा ते मेक्सिकोत होतं, आणि अमेरिकेने मेक्सिकोशी युद्ध पुकारून जेमतेम महिना झाला होता. म्हणजे पुढे लष्कर आणि मागे माल भरलेल्या गाड्या घेऊन ही नवी नवरी, असला तो हनिमून. पहिले काही दिवस डायरीत नुसता आनंद आहे, मोकळी हवा, फुलं, तंबूतलं जेवण. मग डास आले. एका रात्री डासांनी इतकं फोडून काढलं की पानभर तेच. रात्री तंबूबाहेर लांडगे ओरडायचे आणि तिचा रिंग नावाचा कुत्रा तिच्या बाजूला खाटेखाली झोपायचा, त्याच्यावरच तिचा सगळा भरवसा.

पॉनी रॉकला ती पोचली 4 जुलैला. नाव कोरलं पण घाईघाईत, कारण इंडियन येतील ही भीती होतीच. आणि ते आले नाहीत! झालं काय तर त्याच दिवशी पुढे ॲश क्रीक नावाच्या ओढ्याच्या उतारावर घोडागाडी उलटली, तिची शुद्ध हरपली, आणि नवऱ्याने झाडाखाली नेऊन तोंडाला-हाताला व्हिस्की चोळून तिला शुद्धीवर आणलं. तेव्हा ती गरोदर होती.

जुलैअखेरीला ते बेंट्स फोर्टला पोचले, आजच्या कोलोरॅडोत आर्कान्सा नदीकाठी, मातीच्या विटांचा व्यापारी किल्ला. खोलीची जमीन मातीची होती आणि धूळ उडू नये म्हणून दिवसातनं पाण्याचा शिडकावा करायला लागायचा, आपल्या अंगणासारखा. तिथे तिचा एकोणिसावा वाढदिवस आजारपणात गेला आणि दुसऱ्या दिवशी, 31 जुलैला, दिवसभर कळा देऊन रात्री बाराला गर्भपात झाला. गाडी उलटली त्याच्याशी याचा संबंध बरेच जण लावतात.

आता डायरीतली मला सगळ्यात चटका लावणारी जागा सांगते. ती वर कळा देत होती तेव्हा खालच्या खोलीत एक इंडियन बाई बाळंत झाली, बाळ धडधाकट, आणि अर्ध्या तासात ती बाळाला घेऊन नदीवर आंघोळीला गेली. आपण बाळंतिणीला सव्वा महिना खोलीत शेक-शेगडी करत ठेवणारे लोक, आपल्याला वाचूनच घाम फुटतो. पण सुझनने हेटाळणी नाही केली. तिला उलट प्रश्न पडला की आपल्यासारख्या बायकांना इतकं जपून त्यांची तब्येत बिघडवतात तर नाही ना. मूल गेल्यावर आठवड्याच्या आत हे लिहायला डोकं शांत लागतं हो.

पुढचं भराभर सांगते. ऑगस्टअखेर सांता फे, मग दक्षिणेला मेक्सिकोतली एल पासो, चिवावा, सालतियो ही गावं. 1847 मध्ये मातामोरोसला तिला यलो फिव्हर झाला आणि त्यातच मुलगा झाला तो लगेच गेला. डायरी सप्टेंबर 1847 लाच थांबते, त्याबद्दल तिच्या हातचं एक अक्षर नाही. मग केंटकीला परत, 1851 ला मुलगी, मग मिझुरीत सेंट लुईसजवळ घर, 1855 ला दुसरी मुलगी, आणि त्याच वर्षी 26 ऑक्टोबरला, बाळंतपणानंतर थोड्याच दिवसात, ती गेली. 28 वर्षं. स्वतःच्या घरात, डोक्यावर छप्पर, आसपास डॉक्टर असताना. बाणाने नाही, लांडग्याने नाही, युद्धातल्या गोळीनेही नाही. सिनेमे बघून आपल्या डोक्यात बाण बसलेत, पण त्या बायकांचा खरा घात कुठे होता ते या दहा वर्षांतल्या चार गरोदरपणांत दिसतं.

आणि नाव का नाही सापडलं, तर तो खडक आता पूर्वीइतका उंच राहिलेलाच नाही. नंतर रेल्वेसाठी आणि घरांसाठी लोकांनी वरचा दगड फोडून नेला, त्याच्याबरोबर जुनी नावंही गेली. तुमच्या चष्म्याचा नंबर ठीक आहे.

प्रश्न: ही बाई चांगली श्रीमंत, हाताखाली मोलकरीण, वीस माणसं दिमतीला. हिला कसली आलीय हालअपेष्टा? उगाच कौतुक. (एक वाचक, सातारा)

उत्तर: मुद्दा बरोबर आहे तुमचा. तंबू फिलाडेल्फियाहून बनवून आणलेला, आत गालिचा, जेन नावाची मोलकरीण, जवळजवळ 200 बैल. साध्या शेतकऱ्याची बायको त्या वाटांवर जशी मैलोन् मैल पायी गेली तसं हिला करावं लागलं नाही. आणि मुळात ज्या जमिनीवरून ही मंडळी चालली होती ती दुसऱ्यांची होती, मी हे विसरून लिहीत नाहीये. डायरीच्या सुरुवातीला मेक्सिकन बायकांचे उघडे हात-गळे बघून तिने नाकं मुरडलीयत, तेही वाचताना खटकतं. पण मग ती त्यांच्याच घरात राहिली, एल पासोला पाद्री रामोन ओर्तिस यांच्या घरी, स्पॅनिश शिकली, आणि तिचा सूर बदलला. ते सुद्धा कधी? तर त्या पाद्र्यालाच अमेरिकन फौजेने ओलीस म्हणून नेलं होतं आणि तिचा स्वतःचा दीर जेम्स मेक्सिकनांच्या कैदेत होता! शत्रूच्या घरात पाहुणी म्हणून राहायचं आणि त्यांची माया लावून घ्यायची, हे पैशाने नाही होत. मला तिचं कौतुक वाटतं ते याचं.

प्रश्न: आम्ही सेंट लुईसला असतो. सांता फेला जाणारी पहिली अमेरिकन बाई हीच ना? आणि इथे तिचं काही बघायला आहे का? (एक मराठी कुटुंब)

उत्तर: पहिली नाही. तिची स्वतःची तशी समजूत होती आणि पुष्कळ वर्षं लोकही तेच धरून चालले, पण मेरी डोनोहो नावाची बाई नवऱ्याबरोबर 1833 मध्येच तिथे पोचली होती. तिने डायरी लिहिली नाही त्यामुळे मागे पडली. सुझनची डायरी मात्र 1926 ला येल विद्यापीठाने छापली.

बघायला म्हणाल तर तिची कबर तुमच्याच गावात, बेलफाँटेन सेमेटरीत आहे. आवार प्रचंड मोठं आहे हं, आधी ऑफिसात विचारून नकाशा घ्या. आणि सुट्टीत कोलोरॅडोला जाणार असाल तर बेंट्स फोर्ट वाटेत घ्या, मूळ किल्ला पडला होता पण 1976 मध्ये तो होता तसा पुन्हा बांधलाय, मातीच्या खोल्यांसकट. जुलैत जाऊ नका फक्त, उन्हाने जीव जातो.