वाचक विचारतात : पुल्का ओढायचा, पण घाम येऊ द्यायचा नाही

गेल्या अंकात मी सारेक या स्वीडनमधल्या राष्ट्रीय उद्यानात बर्फात काढलेल्या आठ दिवसांबद्दल लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. आधीच सांगते, मी गाईड नाही. उत्तर स्वीडनमध्ये लुलेओला राहते, दर हिवाळ्याच्या शेवटी आठदहा दिवस पुल्का ओढायला जाते, आणि त्यातल्या पहिल्या चार वेळा पैसे मोजून गाईडच्या मागे गेले. पुल्का म्हणजे कमरेला दांड्यांनी जोडून ओढायची सामानाची घसरगाडी. तीन पत्रं निवडली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं, त्याला इलाज नाही.

प्रश्न : माझं वय 54. उन्हाळ्यातले ट्रेक भरपूर केलेत, स्की मात्र कधी पायात घातलेली नाही. मार्चअखेरीस सारेकमध्ये आठ दिवसांची, तंबूत राहायची, गाईडसह स्की सहल आहे. माहितीपत्रकात 'तब्येत उत्तम असल्यास स्कीचा अनुभव नसला तरी चालेल' असं म्हटलंय. मित्र म्हणतो वेडेपणा आहे. तयारी म्हणून रोज दहा किलोमीटर पळतो. पैसे भरू का?

उत्तर : मित्राचं ऐका, पण अर्धंच. जा, फक्त पहिल्याच वेळी सारेकला जाऊ नका.

सारेक 1909 साली राष्ट्रीय उद्यान झालं. जवळपास 1,970 चौरस किलोमीटरचा मुलूख, आणि त्यात आखलेली वाट नाही की राहायला झोपडी नाही. दऱ्या एकमेकींना मिळतात त्या स्कार्यापाशी मिक्का नावाची एक खोपटी आहे, तिथे संकटकाळासाठी फोन आहे. बस्स. दऱ्यांचे काठ इतके उभे आहेत की कुठल्या उताराखालून जायचं आणि कुठल्या नाही, हे बर्फाचे थर वाचता येणाऱ्यानेच ठरवावं. कारण वरून हिमकडा सुटू शकतो.

त्याच्या उत्तरेला कुंग्सलेदेन आहे, म्हणजे 'राजाची वाट'. अबिस्कोपासून निक्कालुओक्तापर्यंतचा तिचा टप्पा साधारण 105 किलोमीटर भरतो. हिवाळी वाटेवर खांबांना लाल फुल्या ठोकलेल्या असतात, आणि दर दहा ते वीस किलोमीटरला पर्यटन संघाची झोपडी येते. झोपडीच्या अंगणात थोडे पैसे भरून तंबू ठोकता येतो. म्हणजे थंडी तीच, वारा तोच, तंबूही तोच, पण फसलात तर दार पन्नास पावलांवर. या वाटेवर गाईडच्या मागे सात दिवस काढा. सारेक कुठे पळून जात नाही.

माहितीपत्रक खोटं बोलत नाही, पण पुरतं खरंही सांगत नाही. सपाटीवर स्की म्हणजे लांब चपला घालून सरपटत चालणं. टाच मोकळी असते, स्कीच्या पोटाला केसाळ पट्टी लावली की चढावर मागे घसरत नाही. हे एका दिवसात जमतं. जमत नाही ते उतरणं. तुम्ही वेग धरलात की मागचा चाळीस किलोचा पुल्का हट्टी रेड्यासारखा ढुशी देतो. त्याच्या पोटाखालून जाड दोरी घालून ब्रेक करतात, तरीही. याच वाटेवर उत्तरेकडून येताना लागणाऱ्या च्याक्त्या खिंडीचा दक्षिण उतार मी पहिल्या वर्षी सात वेळा पडून पार केला. आठव्यांदा पडले नाही, कारण स्की काढून चालत उतरले. त्यावर गाईड म्हणाली, "आज तू पहिली शहाणपणाची गोष्ट केलीस."

आता तुमचं पळणं. ते कमी करा. गंमत नाही करत. पळणाऱ्याला घाम येण्याची सवय असते, किंबहुना घाम आला नाही तर त्याला व्यायाम झाल्यासारखं वाटत नाही. उणे वीसमध्ये नेमकी हीच सवय मारते. घामाने आतला थर भिजला की थांबल्यावर पाच मिनिटांत तो अंगावरची ऊब ओढून घेतो, आणि तिथे सुकवायला काही नसतं. पहिल्या सकाळी मी तंबूबाहेर जाडजूड जाकीट घालून उभी होते. गाईडने ते काढायला लावलं. साठीची बाई, आवाज पितळी. निघताना थंडी वाजत असली तरच कपडे बरोबर आहेत, हे तिचं गणित. मला अपमान वाटला, मी हळूच जाकीट पुन्हा चढवलं, आणि तासाभराने पाठ ओलीचिंब. दुपारी जेवायला थांबलो तेव्हा दात इतके वाजत होते की चमचा तोंडात जाईना. त्या दिवसापासून पहिली दहा मिनिटं कुडकुडत निघते.

अंगालगत लोकर हवी, सुती काहीही नको, चड्डीसुद्धा नको. इथली जुनी माणसं लोकरीचा जाळीदार बनियान घालतात. भोकांतली हवा ऊब धरते आणि घाम वरच्या थरात निघून जातो. दिसायला विनोदी, पण मी आता दुसरं काही घालत नाही. पिसांचं मोठं जाकीट पुल्क्यात सगळ्यात वर ठेवायचं, थांबताक्षणी अंगावर, निघताक्षणी परत आत. पळण्याऐवजी जुना टायर कमरेला बांधून मऊ जमिनीवर दोन तास ओढा. इतक्या सावकाश की बोलता आलं पाहिजे आणि कपाळ कोरडं राहिलं पाहिजे.

दिवसभराच्या चालीपेक्षा संध्याकाळ अवघड असते, हे कुणी सांगत नाही. तंबू वाऱ्याला समांतर उभा करायचा, कडेला बर्फ लोटायचा, ओसरीत गुडघाभर खड्डा खणायचा. त्याने थंड हवा खाली बसते आणि बूट घालताना पाय सोडून बसताही येतं. मग पाणी. नदी गोठलेली, म्हणजे पाणी बर्फ वितळवूनच. भांड्याच्या तळाला आधी थोडं पाणी ठेवायचं, नाहीतर कोरडा बर्फ करपतो. खरंच करपतो, आणि चहाला तो वास रात्रभर राहतो. जेवण, चहा, दुसऱ्या दिवसाचे थर्मास, सगळं धरून दोन तास आणि माणशी रोज सुमारे दोन डेसिलिटर इंधन जातं. गॅसच्या डब्यावर विसंबू नका. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायू व्हायलाच तयार नसतो. इथे पंप मारायचा स्टोव्ह लागतो. तुमच्या आजीच्या स्वयंपाकघरात फरफरणारा प्रायमस आठवतो? तो मूळचा स्वीडनचाच, 1892च्या सुमाराचा, आणि दक्षिण ध्रुवावर पहिला पोचलेल्या नॉर्वेच्या आमुन्सेनने तोच तिथे नेला होता. पिन मारण्याची कला ज्यांनी घरात पाहिली आहे त्यांनी इथे जरूर मिरवावी. मात्र तंबूचं वरचं झडप उघडं ठेवून. विषारी वायूला वास नसतो.

आणि आता गाईड. लोकांना वाटतं गाईड वाट दाखवायला असतो. वाट नकाशातही सापडते. मी पैसे मोजले ते 'थांबा' हा शब्द कुणीतरी माझ्याऐवजी उच्चारावा म्हणून. सारेकमधल्या रुओत्तेसवाग्गे दरीत तिसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता आमच्या गाईडने तंबू लावायला सांगितलं. ऊन पडलेलं, दक्षिणेकडे आकाश निळं. फक्त मागच्या शिखरांवरून बर्फाची भुकटी धुरासारखी उडत होती. गटातले एक निवृत्त दंतवैद्य चांगलेच चिडले. अजून चार तास उजेड आहे, आम्ही काय झोपायला आलो का, वगैरे. गाईड काही बोलली नाही, फावडं त्यांच्या हातात दिलं. आम्ही तंबूंच्या वाऱ्याकडच्या बाजूला बर्फाच्या विटांची भिंत रचली. तीन वाजता शेजारचा तंबू दिसेनासा झाला. पुढचे छत्तीस तास आम्ही आतच होतो, दर तीन तासांनी बाहेर जाऊन बर्फ उपसत. दंतवैद्यांनी सगळ्यात जास्त उपसला, ही त्यांची माफी समजून आम्ही घेतली.

याला घाबरटपणा म्हणणाऱ्यांना मी आनारिसचं नाव सांगते. 24 फेब्रुवारी 1978 रोजी स्वीडनच्या यॅम्टलांड प्रांतातल्या त्या डोंगरात नऊ स्कीकर वादळात सापडले. आठ गोठून मेले, एक वाचला. उणे वीसमध्ये सेकंदाला दहा मीटरचा वारा सुटला की उघड्या कातडीला ते उणे 33-34 सारखं लागतं, आणि दमलेल्या माणसाला खणण्याचीही ताकद उरत नाही. म्हणून ताकद आहे तोवर खणायचं. नॉर्वेत डोंगरात वागण्याचे नऊ नियम शाळकरी पोरांनाही पाठ असतात. त्यातला आठवा : वेळेत माघारी वळा, परतण्यात लाज नाही. खुद्द आमुन्सेन 1896 साली नॉर्वेतल्या हार्डांगरविद्दाच्या पठारावर भावाबरोबर भरकटला. रात्री झोपण्याच्या पिशवीवर ओला बर्फ साचून गोठला आणि सकाळी तो आत अडकून पडलेला. भावाने खणून काढला म्हणून पुढे ध्रुव. तेव्हा आपण कोण?

पैसे भरण्यापूर्वी कंपनीला एवढं विचारा. किती जणांमागे किती गाईड? वादळासाठी किती दिवस राखीव? उपग्रह फोन गाईडकडे आहे का? आणि गेल्या हंगामात किती सहली ठरलेल्या ठिकाणी न पोचता परतल्या? शेवटच्या प्रश्नाला 'एकही नाही' असं उत्तर आलं तर दुसरी कंपनी शोधा.

प्रश्न : मी 23 वर्षांची आहे. विचारायला संकोच वाटतो, पण रात्री उणे पंचवीसमध्ये लघवीला कसं जायचं? आणि पाळी आली तर? गटात मी एकटीच मुलगी असेन.

उत्तर : अगं, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो, विचारला फक्त तू.

रात्री बाहेर जायचं नाही. रुंद तोंडाची बाटली आणि स्त्रियांसाठी मिळतं तसं नरसाळं घे, घरी न्हाणीघरात चार वेळा सराव कर, आणि बाटलीवर मोठी खूण कर. अंधारात हाताला कळेल अशी, रबरबँडची. पाण्याच्या बाटलीशी गल्लत मी एकदाच केली. आणि 'जाऊ सकाळी' म्हणून रोखून धरू नकोस. झोपमोड होते आणि अख्खी रात्र कुडकुडत जाते. कमी पाणी पिणं हा तर सगळ्यात वाईट उपाय, त्याने हातपाय आधी गार पडतात.

पाळीसाठी कप बरा, कारण कचरा कमी. पण गरम पाणी त्यासाठी वेगळं राखावं लागतं, म्हणून पहिला प्रयोग डोंगरात करू नकोस. पॅड वापरलेस तर ते गोठतं, वास येत नाही, जाड पिशवीत परत आणायचं. ओले रुमाल झोपण्याच्या पिशवीत घेऊन झोप, नाहीतर सकाळी ती वीट असते. बॅटरी, फोन, बुटांचे आतले मोजे, हे सगळं तुझ्याबरोबर पिशवीतच झोपतं. रात्री उकळतं पाणी भरलेली बाटली मोज्यात घालून मांड्यांमध्ये ठेव. सकाळी तेच पाणी स्टोव्हवर. बाहेर ठेवायच्या बाटल्या उलट्या ठेव. पाणी वरून गोठतं, तोंड खाली असलं तर झाकण मोकळं राहतं. खाली दोन चटया घे, एकीवर भागत नाही. अंगातली वाफ पिसांत जाऊन गोठते आणि पिशवी रोज थोडी जड, थोडी निकामी होते. आठवड्याहून लांब जाणार असशील तर आत वाफ न सोडणारं अस्तर घाल. चिकट वाटतं, पण सवय होते.

एकटी मुलगी असण्याबद्दल : गाईडला आधी पत्र लिहून तंबूची वाटणी विचारून घे. हा प्रश्न त्यांना नवा नसतो.

प्रश्न : स्वीडनमध्ये कुणीही कुठेही तंबू ठोकू शकतो असं वाचलं. मग गाईडशिवाय आम्ही चौघे मित्र गेलो तर अडवेल कोण? जानेवारीत उत्तरप्रकाशही दिसेल.

उत्तर : कुणी अडवणार नाही, आणि अडचण तीच आहे.

सर्वांचा हक्क म्हणतात तो खरा आहे. परक्याच्या जमिनीवरही एखादी रात्र काढता येते. शेजारच्या नॉर्वेत तो 1957च्या कायद्यातच आहे, फक्त राहत्या घरापासून 150 मीटर लांब. पण राष्ट्रीय उद्यानांचे नियम वेगळे. अबिस्कोच्या हद्दीत ठरवून दिलेल्या जागीच तंबू लावता येतो. सारेकमध्ये लावता येतो. मदतीचा क्रमांक 112, पण दऱ्यांत फोनला रेंज नसते.

जानेवारी विसरा. अबिस्कोला डिसेंबरच्या सुरुवातीपासून महिनाभर सूर्य उगवतच नाही, आणि झोपड्या फेब्रुवारीच्या उत्तरार्धाआधी उघडत नाहीत. मार्चअखेरीस बारा तासांहून जास्त उजेड, रात्रीही पुरेशा काळोख्या, म्हणून उत्तरप्रकाश तेव्हाही दिसतो. खरं सांगायचं तर तो पाहायला मी तंबूबाहेर दहा मिनिटांपेक्षा जास्त कधी थांबले नाही. काळा चष्मा मात्र विसरू नका, बर्फावरचं ऊन डोळे भाजतं. आणि सारेकला रित्सेम गावाच्या बाजूने आलात तर आक्कायाउरेचा गोठलेला जलाशय खुणांच्या वाटेनेच ओलांडा. खालचं पाणी धरणातून काढत असतात, त्यामुळे काठाशी बर्फ खचून फुटलेला असतो.

चौघांपैकी निदान दोघांनी एकेक हिवाळी सहल गाईडबरोबर केलेली असेल तर कुंग्सलेदेनला जा. नसेल तर नको.

शेवटी एक, जे तुम्ही विचारलं नाहीत. हा सगळा मुलूख इथल्या मूळच्या सामी लोकांच्या रेनडिअरांचा चराऊ प्रदेश आहे. वसंतात माद्या गाभण असतात आणि बर्फ खणून खणून रोडावलेल्या. घाबरून पळाल्या तर तेवढीही शक्ती वाया जाते. कळप दिसला तर फोटोसाठी पुढे सरकू नका. थांबा, पुल्क्यावर बसा, जाकीट घाला, आणि तो दरी ओलांडेपर्यंत थर्मासमधलं काय उरलंय ते प्या. आम्ही एकदा पाऊण तास बसलो होतो.