कंपोस्टमधला बारका भुंगेरा नवीन प्रजाती असेल का?

प्रश्न: नमस्कार सर, आमच्या गच्चीवरच्या कंपोस्टच्या ड्रममध्ये एक काळा किडा सापडला, जेमतेम 3 मिमी असेल, पंख अर्धेच आहेत आणि डिवचला की विंचवासारखी शेपटी वर करतो. अ‍ॅपमध्ये फोटो टाकला पण नावच येत नाही. नवीन प्रजाती असेल का? आणि असली तर आईचं नाव देता येईल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: शेपटीचं वर्णन वाचूनच कळलं, हा स्टॅफिलिनिडी कुळातला भुंगेरा. पंख अर्धे नाहीत बरं का, वरची झाकणं आखूड आहेत आणि खरे पंख त्याच्याखाली घड्या घालून ठेवलेले असतात. नांगी वगैरे काही नाही, नुसती भीती दाखवतो. आता अडचण अशी की या एका कुळात 60 हजारांहून जास्त प्रजातींना नावं दिलेली आहेत आणि 3 मिमीचे काळे तर ढिगाने आहेत, त्यामुळे अ‍ॅपला ओळखता आलं नाही म्हणजे तो नवीन असं अजिबात होत नाही, फोटोवर तर मलाही सांगता येणार नाही.

मग नवीन आहे हे ठरतं कसं? बहुतेक वेळा नराचं पोट उघडून जननेंद्रिय काढतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात, कारण बाहेरून हुबेहूब सारखे दिसणारे दोन भुंगेरे तिथे वेगळे निघतात. ते जवळच्या सगळ्या प्रजातींशी ताडून बघायचं, म्हणजे जुनी वर्णनं वाचायची आणि ज्या नमुन्यावरून मूळ नाव दिलं तो नमुना शोधायचा. आपल्याकडच्या या भुंगेऱ्यांवरचं मोठं काम मॅल्कम कॅमरन यांनी 1930 ते 1939 मध्ये छापलं आणि त्यांचा संग्रह आहे लंडनच्या म्युझियममध्ये! म्हणजे चिपळूणचा किडा आणि उत्तर लंडनच्या ड्रॉवरमध्ये, असंही होतं.

ड्रॉवरवरून आठवलं, डार्विनने 1832 मध्ये अर्जेंटिनात बाहिया ब्लांकाला असाच एक भुंगेरा (तुमच्यापेक्षा बराच मोठा) पकडला होता, तो नमुना कित्येक वर्षं हरवलेलाच होता आणि शेवटी 2014 मध्ये त्याला डार्विनिलस सेडारिसी हे नाव मिळालं. सेडारिसी का, तर वर्णन करणारे शास्त्रज्ञ काम करताना डेव्हिड सेडारिस या लेखकाची ऑडिओबुक्स ऐकायचे! तेव्हा आईचं नाव अगदी चालेल, फक्त नाव ठरवतो वर्णन छापणारा, सापडवणारा नाही, त्यामुळे त्याच्याशी गोड बोलून ठेवा.

तुम्ही एवढंच करा, एक नाही तर आठ-दहा किडे पकडा (नर हवेत ना), अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत टाका आणि आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी ठेवा, त्यावर तारीख, गाव, कंपोस्ट असं सगळं. चिठ्ठी नसलेला नमुना जवळपास फुकट. मग झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या पुण्यातल्या आकुर्डीच्या केंद्रात विचारा, नवीन निघाला तरी कायद्याने नमुना अशाच सरकारमान्य संग्रहात ठेवावा लागतो.

आणि हो, पकडताना केशरी-काळा, निळसर झाकणांचा दिसला तर चिमटीत धरू नका. तो पेडेरस. चावत नाही, पण अंगावर चिरडला तर दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखे फोड येतात. चुकून चिरडलाच तर लगेच साबणाने धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका.