पाकिस्तानात रोजा सोडताना दही फुलकी (दह्यात भिजवलेली बेसनाची भजी) खातात, ती घरी केली की आतून कडक का राहते?

बहुतेकदा पीठ कमी फेटलेलं असतं. कराची-लाहोरकडे इफ्तारला खजूर, रूह अफजाचं सरबत, पकोडे, फ्रूट चाट यांच्याबरोबर ही बेसनाची फुलकी असते. 1 कप बेसनात मीठ, तिखट, जिरं घाला. साधारण अर्धा कप पाणी थोडं थोडं ओतत 5-7 मिनिटं फेटा. थेंबभर पीठ पाण्यात टाका: तरंगलं तर झालं, बुडालं तर अजून फेटा. सोडा चिमूटभरच आणि शेवटी, नाहीतर फुलकी तेल पिते. आच मध्यम, मोठ्या आचेवर बाहेरून लाल, आत कच्ची गोळी. तळल्यावर कोमट मिठाच्या पाण्यात 15 मिनिटं, मग तळहातांत हलकेच दाबून दह्यात. दही दूध घालून सैलच ठेवा. फुलकी ते शोषते आणि मगरिबच्या (सूर्यास्ताच्या) अजानपर्यंत वाडगं कोरडं पडतं. चिंचेची चटणी वाढताना.